किल्केनीत तीन दिवस, पायी

बॉइल, २९ डिसेंबर

फर्गल,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं, ते खोडलंय. खोडलेलं तुला दिसावं म्हणून मुद्दाम कागद बदलला नाही.

फोनवर आपलं काय होतं ते नोव्हेंबरात झालंच आहे. तू म्हणालास, मी बाबांना घरात कोंडून ठेवलंय. मी फोन आपटला. तेव्हापासून तू माझा उचलत नाहीस आणि मी करत नाही. म्हणून हे पत्र. यात तुला मध्येच बोलता येणार नाही.

तर, तू आला नाहीस. आधी बारा तारखेला येणार होतास, मग वीसला, मग तिकडे कॅनडात, कॅल्गरीत बर्फ फार झाला, मग तुझ्या सासूची तब्येत. ठीक आहे, नसेल जमलं. पण चार महिने तू बाबांना काय सांगत होतास? 'मी आलो की गाडी काढू आणि आईच्या गावाला जाऊ, पूर्वी दर जानेवारीत जायचो तसं.' सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस आहे तो. एकोणीस तारखेलाच बॅग भरून त्यांनी दाराशी आणून ठेवली. तुझा निरोप आल्यावरही ती तिथून हलली नाही. नाताळच्या दिवशी माझी साइव्ह बटाट्यांचं भांडं घेऊन ती बॅग ओलांडून ये-जा करत होती आणि आम्ही तिघंही बॅग नाहीच अशा थाटात जेवत होतो.

शेवटी मीच म्हटलं, चला. दोन तारखेला आम्ही निघतोय. बाबा, साइव्ह आणि मी. ट्रेनने डब्लिन, तिथे ट्राम, मग पुन्हा ट्रेन. चार तारखेला परत. आईच्या गावात, किल्केनीत, जे बघायचं ते पायी बघायचं.

तू म्हणशील, ऐन थंडीत म्हाताऱ्याला पायी फिरवणार? हो, फिरवणार. गाडी का विकली हे पुन्हा विचारू नकोस. विकली म्हटलं ना, विकली.

डर्व्हला


किल्केनी, ३ जानेवारी, सकाळी

फर्गल,

पहिलं पत्र अजून माझ्या पर्समध्येच आहे. हेही त्याच पाकिटात जाईल. सगळं एकदमच वाच.

कालचा दिवस सांगते, म्हणजे तिकडे बसून सल्ले देणं सोपं का असतं ते तुला कळेल. सकाळी बॉइलला पाऊस. डब्लिनला ट्राममध्ये उभं राहायलाही जागा नव्हती; एका नर्सबाईंनी उठून बाबांना जागा दिली तर ते बसेनात. 'मी चाळीस वर्षं पावाची गाडी चालवली, मला उभं राहता येत नाही का' म्हणे. गाडी उभं राहून चालवतात का, हे मी विचारलं नाही. किल्केनीला उतरलो तेव्हा पाऊस थांबला होता, पण वारा असा की कान बधिर. स्टेशनपासून पुलापलीकडच्या आमच्या खोलीपर्यंत दोन बॅगा मी ओढल्या.

खोल्या कॉमरफर्डबाईंच्या घरात आहेत. बाई चांगल्या आहेत, आल्याआल्या चहा आणि गरम सोडा ब्रेड समोर ठेवला. बाबांनी पहिला घोट घेतला आणि दुसऱ्या घोटाआधी सांगून टाकलं, 'माझ्याकडे चांगली गाडी होती हो. या माझ्या मुलीने विकली. का, ते तिलाच ठाऊक.' बाईंनी माझ्याकडे पाहिलं. तू नोव्हेंबरात जसा बोललास तसंच त्यांनी पाहिलं. मी ब्रेडला लोणी लावत राहिले.

फर्गल, ते हे सगळीकडे सांगतात. चर्चमध्ये, दुकानात, तुला फोनवर. आणि मी ऐकून घेते. का ऐकून घेते ते तू एकदाही विचारलं नाहीस.

दुपारी बाहेर पडलो. बाबांना हे गाव तोंडपाठ आहे, पण ते स्टिअरिंगमागून. 'आता डावीकडे' म्हणतात आणि आम्हाला अख्ख्या बाजाराला वळसा घालायला लावतात, कारण त्यांच्या डोक्यात समोरचा रस्ता एकेरी आहे. मी म्हटलं, 'बाबा, पायी चालणाऱ्याला एकेरी रस्ता नसतो.' ते म्हणाले, 'नियम तो नियम.' साइव्ह हसत सुटली. मला मात्र हसू येत नव्हतं, माझे बूट ओले झाले होते.

किल्ल्यात गेलो. ती लांबलचक चित्रांची खोली आठवते तुला? तू आठ वर्षांचा असताना तिथल्या जमिनीवर घसरगुंडी खेळला होतास आणि आईने तुझा कान धरला होता. बाबा एका चित्रासमोर उभे राहून साइव्हला सांगायला लागले, ही सरदाराची बायको, हा तिच्या मांडीवरचा पांढरा कुत्रा. चित्रात कुत्रा नव्हता. तिचा हात होता, पांढऱ्या हातमोज्यातला. साइव्हने काही दुरुस्त केलं नाही. पुढच्या चित्रापाशी मात्र ती हळूच त्यांच्या कानाशी लागली आणि चित्रात काय काय आहे ते सांगायला लागली. मग तेच ते मोठ्याने मला सांगायचे. अशी सतरा-अठरा चित्रं झाली. दहा वर्षांची पोर आहे ती.

डोळे उत्तम आहेत, असं तुला सांगतात ना? मलाही तसंच सांगतात.

कॅथीड्रलपर्यंत चढून गेलो. अंगणातल्या त्या उंच गोल बुरुजावर साइव्हला जायचं होतं. आत शिड्या आहेत, मी नाही म्हटलं. तिचा डावा हात अजून खांद्याच्या वर नीट जात नाही. ऑक्टोबरात शाळेत पडली होती, तुला कळवलं होतं मी. बाबा लगेच म्हणाले, 'तुझी आई कशालाही नाहीच म्हणते.' ते म्हणाले तेव्हा मी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांनी मान फिरवली. तेवढं तरी केलं.

आज साइव्हला डनमोरची गुहा बघायची आहे. बाबांनी तिला महिनाभर त्या गुहेच्या गोष्टी सांगितल्यात. गुहा गावाबाहेर दहा किलोमीटरवर. गाडी असती तर पाव तासाचं काम, हे काल संध्याकाळपासून चार वेळा ऐकलं. मी बसची चौकशी करणार आहे.


किल्केनी, ३ जानेवारी, संध्याकाळी साडेपाच

अक्षर लागलं नाही तर तसंच वाच.

तुला कुणी सांगितलं होतं रे? कुणी विचारलं होतं तुला?

सकाळी दहाला आम्ही कोट चढवून दारात आलो तर बाहेर तुझा तो इथला मित्र उभा, टायग फेलन. पत्ता तुला बाबांनीच फोनवर दिला असणार. हातात किल्ली. मागे निळी गाडी, धुऊनपुसून चकचकीत. 'काका, फर्गलचा फोन आला होता. म्हणाला, गाडी दोन दिवस बाबांकडे ठेव. विम्यात तुमचं नाव मी घालूनही घेतलंय. गुहेला जा, वाटेल तिथे जा.' टायगचा काही दोष नाही. त्याला वाटत होतं तो एका म्हाताऱ्याला आनंद देतोय. आणि आनंद झालाच. बाबांचा चेहरा असा उजळला की आई गेल्यानंतरच्या चार वर्षांत मी तो तसा पाहिला नव्हता. त्यांनी किल्ली घेतली. कॉमरफर्डबाई दारात येऊन कौतुकाने बघत होत्या.

मी म्हटलं, 'किल्ली परत द्या, बाबा.'

ते म्हणाले, 'माझ्या मुलाने पाठवलीय.'

'म्हणून काय झालं? द्या.'

'डर्व्हला, लोकांसमोर तमाशा करू नकोस.'

मी तमाशा करत होते, फर्गल. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात मी बोलत होते, आणि बोलत होते तुझ्याबद्दल. तू किती दूर आहेस, तुला किती सोपं आहे, तिकडून एक फोन केला की तू देवमाणूस आणि इथे रोज त्यांची मोजे-औषधं बघणारी मी जेलर. टायग बिचारा बुटांकडे बघत होता. बाबांनी माझ्याकडे पाठ केली, गाडीचं दार उघडलं आणि म्हणाले, 'ये गं साइव्ह, पुढे बस माझ्याशेजारी.'

तेव्हा आम्ही सगळ्यांनी साइव्हकडे पाहिलं.

ती भिंतीला चिकटून उभी होती. रडत नव्हती. दोन्ही हात पोटाशी घट्ट धरले होते आणि दात वाजत होते. पायांखाली फरशी ओली झाली होती. दहा वर्षांची मुलगी, फर्गल, भर सकाळी, परक्या माणसांसमोर.

आता ऐक. साइव्ह शाळेत पडली नव्हती. सतरा ऑक्टोबरला बाबा तिला शाळेतून आणत होते. पाऊस होता. तळ्याजवळच्या वळणावर त्यांना वळण दिसलंच नाही. गाडी कुंपण तोडून चरात उलटी झाली. साइव्हच्या गळ्याजवळचं हाड मोडलं आणि ती पट्ट्याला लटकलेल्या अवस्थेत चाळीस मिनिटं आत होती, शेजारचा मर्फी ट्रॅक्टर घेऊन येईपर्यंत. बाबांना ओरखडाही आला नाही. गाडी विकली नाही मी. ती भंगारात गेली. आणि साइव्ह त्या दिवसापासून कुठल्याही गाडीत बसलेली नाही. मर्फींच्या नाही, मैत्रिणीच्या आईच्या नाही, डॉक्टरकडे जायला सुद्धा नाही. ट्रेन चालते, बस चालते, मोटार नाही. म्हणून आम्ही पायी. समजलं?

बाबांनी हॉस्पिटलमध्ये माझे हात धरले होते. 'फर्गलला सांगू नकोस' म्हणाले, 'त्याच्या नजरेतून उतरेन.' मी कबूल केलं. म्हणून अडीच महिने तुझ्या शिव्या खाल्ल्या. आज मी शब्द मोडलाय आणि मला त्याचं काहीही वाटत नाही.

सकाळचं अजून संपलं नाही. साइव्हला मी उचललं, कॉमरफर्डबाईंनी तिला गरम पाण्याने अंघोळ घातली, काही विचारलं नाही. मी परत बाहेर आले तेव्हा बाबा गाडीच्या टपावर हात ठेवून उभे होते. त्यांनी टायगला किल्ली दिली आणि म्हणाले, 'बाळा, ही घेऊन जा. मी या पोरीला चरात घातलंय. मला दिसत नाही.' हे शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकले. जाताना टायगने मला नुसतं 'सॉरी' म्हटलं, आणि सॉरी त्याने कशाला म्हणायचं? तू म्हण.

गुहा राहिली. दुपारी आम्ही नदीच्या काठाने चालत राहिलो, किल्ल्याखालच्या वाटेने. वाटेवर दवाचा बर्फ अजून होता. साइव्ह मध्ये, आम्ही दोघं दोन बाजूंना. एका बाकावर बसून थर्मासमधलं सूप प्यायलो. हंस आले तर साइव्हने त्यांना तिचा ब्रेड घातला. चारलाच अंधारायला लागलं, मग परत फिरलो.


बॉइल, ६ जानेवारी

हे ट्रेनमध्ये सुरू केलं होतं, दोनच ओळी झाल्या आणि फाडलं. घरी आल्यावर पुन्हा लिहितेय. पहिली तिन्ही पत्रंही अजून टाकलेली नाहीत. तीन तारखेच्या संध्याकाळचं पत्र पुन्हा वाचलं. त्यात सगळं खरं आहे, पण एक गोष्ट मी त्यातही लपवली.

किल्केनीच्या स्टेशनवर आम्ही अर्धा तास आधी पोचलो होतो. साइव्ह फलाटाच्या टोकाला रुळांकडे बघत उभी होती. बाबा माझ्याशेजारी बाकावर. मी अजून धुमसत होते. मी म्हटलं, 'माझ्यावर एवढं खोटं का टाकलंत? गावभर सांगत सुटलात, मुलीने गाडी विकली, का ते तिलाच ठाऊक. अपघात लपवायचा तर लपवा, पण मी दुष्ट कशाला? डोळ्यांमुळे सोडली म्हणायचं होतं.'

ते म्हणाले, 'डोळ्यांमुळे म्हटलं असतं, तर फर्गलने विचारलं असतं, कधीपासून. अपघाताचं सांगितलं असतं, तर पहिला प्रश्न विचारला असता, दिसत नव्हतं तर पोरीला आणायला पाठवलं कुणी.'

मी साइव्हकडे बघत राहिले.

'मला दुसरं काही सुचलं नाही, गं,' ते म्हणाले. 'तू दुष्ट दिसलीस तर लोक चार दिवस बोलतील आणि विसरतील. ते दुसरं कुणी विसरलं नसतं. तूसुद्धा नाही.'

तर फर्गल, तू विचारायच्या आधी सांगते. मी पाठवलं.

ऑगस्टमध्ये डोळ्यांच्या डॉक्टरांचं पत्र आलं. बाबांना वाचता येईना म्हणून मीच ते त्यांना वाचून दाखवलं. पुढच्या तपासणीपर्यंत गाडी चालवू नये, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मी ते पत्र सुऱ्या-चमच्यांच्या खणात ठेवलं, तळाशी. कारण ते गाडी चालवत होते म्हणून माझं सगळं चालत होतं. वृद्धाश्रमातल्या माझ्या कामाच्या पाळ्या, साइव्हची शाळा, किराणा. ऑक्टोबरात त्या दिवशी आमच्या स्वयंपाकघरात दुसरी बाई आलीच नाही, मला निघता येईना. सव्वादोनला मी घरी फोन केला. बाबा म्हणाले, 'डर्व्हला, आज डोळे बरे नाहीत. मी छत्री घेऊन चालत जातो तिला आणायला.' आणि मी म्हटलं, 'बाबा, एवढ्या पावसात भिजवू नका तिला. दहा मिनिटांचा तर रस्ता आहे. गाडी काढा.'

हे माझे शब्द आहेत. रोज सकाळी उठल्याबरोबर ते मला ऐकू येतात. तू मला जेलर ठरवलंस तेव्हा एवढा राग का आला, माहीत आहे? कारण मी जेलर असते तर बरं झालं असतं. ऑगस्टमध्येच किल्ली काढून घेतली असती.

काल साइव्हला जवळ बसवून मी सगळं सांगितलं. म्हटलं, आजोबांची चूक नाही, मी त्यांना गाडी काढायला लावली. ती पायमोजा घालत होती. म्हणाली, 'मला माहितेय. शाळेपाशी आजोबा म्हणाले होते, तुझ्या आईने सांगितलंय तुला भिजू द्यायचं नाही.' मी विचारलं, मग इतके दिवस बोलली का नाहीस? ती म्हणाली, 'तू लगेच रडतेस म्हणून.' आणि दुसरा मोजा शोधायला गेली.

म्हणजे या घरात आम्ही तिघं अडीच महिने एकमेकांना सांभाळत एकमेकांशी खोटं बोलत होतो, आणि ज्याला खरं म्हणजे काहीच माहीत नव्हतं तो तू एकटा. तुझ्यावर ओरडणं म्हणूनच सोपं होतं. तू आला नाहीस याचा राग माझा खरा आहे, तो मी परत घेत नाही. न विचारता गाडी पाठवलीस त्याचाही. पण बाकीचा जो सगळा तुझ्या अंगावर ओतला, तो तुझा नव्हता.

बाबा सोमवारी डॉक्टरकडे जातील आणि परवाना परत करतील. तसं त्यांनी स्वतः ठरवलं, मी तोंड उघडलं नाही. साइव्हसाठी शाळेतल्या बाईंनी एका समुपदेशकाचं नाव दिलंय, आम्ही दर बुधवारी बसने जाणार आहोत. आज दुपारी ती शेजारच्या मर्फींच्या अंगणात उभ्या गाडीचं दार उघडून आत डोकावली. बसली नाही. दार लावलं आणि घरी आली. मी खिडकीतून बघत होते, तिला कळू दिलं नाही.

आता राग कुणावर काढायचा ते मला कळेनासं झालंय. सवय मोडेपर्यंत थोडा तुझ्यावरच काढेन, तू चालवून घे.

तुझी बहीण,
डर्व्हला